आतार सर आणि दोन पिवळ्या नळ्या

आमच्या ओतूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबवरून जाताना कुणीही कान दिला असता तर त्याला एकच शब्द ऐकू आला असता, "हळू." पाठोपाठ, "हळू रे बाबा, हळू." मग थोडी शांतता. आणि मग, "हां, आता बघा." सबंध नोकरी या तीन वाक्यांवर काढलीत, असं मी आतार सरांना तोंडावर म्हणायचे. मी वनस्पतिशास्त्राची. माझी लॅब त्यांच्या शेजारी, मधे एक दार, आणि ते कायम उघडं, कारण त्याची कडी पोरांनी केव्हाच मोडून ठेवलेली. त्यामुळे या माणसाचं "हळू" मी वर्षानुवर्षं फुकटात ऐकलं. मी मूळची अवसरी बुद्रुकची. बोलणं मोठ्यानं, राग नाकावर. आमच्याकडे म्हणतात, हिचा आवाज आधी पोचतो आणि बाई मागून येते. अशा बाईच्या शेजारी देवानं हा माणूस आणून बसवला होता. सर जाऊन आता वर्ष होत आलं, तरी लॅबमधून जरा शांतता ऐकू आली की मी "हळू"ची वाट बघते.

सर जुन्नरचे. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं हळदी-कुंकवाचं, बुक्क्याचं आणि अत्तराचं छोटं दुकान होतं. वडील कुंकू घरीच करायचे. हळदीत लिंबाचा रस आणि टाकणखार घातला की पिवळी हळद हळूहळू लाल होते, ते बघत हा मुलगा वाढला. "मॅडम, मला रसायनशास्त्र कुणी शिकवलंच नाही," ते म्हणायचे, "अब्बांच्या परातीत ते आपोआप व्हायचं." नवरात्रात आमच्या स्टाफमधल्या बायकांना ते पुडीतून कुंकू आणून द्यायचे. एकदा नव्यानं आलेल्या एका बाईंनी विचारलं, "सर, तुम्ही कसं काय कुंकू?" सर म्हणाले, "अहो, जुन्नरात कित्येक पिढ्या सवाष्णींच्या कपाळाची काळजी आम्हीच घेतोय." त्या बाई पुढच्या वर्षी पुडी मागायला स्वतःच गेल्या.

माणूस शिडशिडीत, उंच, थोडा पोक काढून चालणारा. शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत, पण दुमड इतकी नेटकी की इस्त्री केल्यासारखी. कधी ओरडणं नाही, हात उगारणं तर दूरच. पण एका गोष्टीवर मात्र त्यांचा जीव होता, तो म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोजणाऱ्या पीएच मीटरवर. त्या मीटरची ती काचेची दांडी असते ना, ती ओली राहिली पाहिजे. कोरडी पडली की संपली. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली की सगळे पिशव्या भरून घरी जायचे, आणि सर मीटर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या, जुन्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन जुन्नरच्या एसटीत बसायचे. एकदा मी त्याच गाडीत होते. कंडक्टर जवळ आला. "पावणं, काय हाय वो त्यात? लेकरू हाय का?"

"लेकरापेक्षा नाजूक आहे," सर म्हणाले.

"मग अर्धं तिकीट काढू का?"

अख्खी गाडी हसली. सरही हसले, पण मांडीवरचा हात काही हलला नाही. सुट्टीभर ते रोज सकाळी त्या दांडीला पाणी पाजायचे. "हिला सुट्टी नसते मॅडम," म्हणायचे.

आता त्यांच्या प्रॅक्टिकलबद्दल सांगते, कारण त्याशिवाय सर कळायचे नाहीत. बफरचा, म्हणजे आम्ल ओतलं तरी आपला पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा, धडा आला की बाकीचे शिक्षक फळ्यावर समीकरण लिहून मोकळे होतात. सर आदल्या आठवड्यात पोरांना सांगायचे, प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी बाटलीत भरून आणा. विहिरीचं, बोअरचं, ओढ्याचं, काहीही. मग लॅबच्या ओट्यावर गावंच्या गावं मांडली जायची. कुणी ओतूरचं, कुणी आळेफाट्याकडचं, कुणी मंचरकडचं. प्रत्येक पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, सगळी पाणी पिवळी व्हायची. मग ड्रॉपरनं सौम्य आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं आणि कुठलं पाणी किती थेंब गिळतं आणि मग लाल होतं, ते बघायचं. इकडचं बागायती पट्ट्यातलं बोअरचं पाणी भारी पचवायचं. थेंबावर थेंब टाका, पिवळं ते पिवळंच. पोरं कंटाळायची.

एका वर्षी घाटघरची एक पोरगी होती, सखू. नाणेघाटाजवळचं गाव, सगळा पाऊस आणि कातळ. तिनं झऱ्याचं पाणी आणलं होतं, काचेसारखं नितळ. दोन-तीन थेंबांत ते लाल झालं. पोरं फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "घाटघरचं पानी लई लाजाळू राव!" सखूचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "सर, आमचं पानी वाईट हाय का?"

सर तिच्या ओट्याशी गेले. तिची नळी उचलून उजेडाकडं धरली. "वाईट कशानं? तुमच्या पाण्यात कुणाचं काही मिसळलेलंच नाही. बाकीच्या गावांचं पाणी जमिनीतून चुना खात खात येतं, म्हणून त्याला आंबटाशी झगडता येतं. तुमचं थेट आभाळातून येतं. त्याच्याकडं झगडायला काही नाही, एवढंच." मग सगळ्या वर्गाकडं वळून म्हणाले, "हसलात ना? आता तुम्हीच सांगा, चहाला कुठलं पाणी चांगलं?" सगळे म्हणाले, घाटघरचं. त्या दिवशी सखूच्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्याचा चहा झाला. मलाही बोलावलं. चहा खरंच छान झाला होता.

पण खरा प्रयोग त्यानंतरचा असायचा. सर दोन नळ्या आणायचे. दोन्हीत बफरचं द्रावण, दोन्हींचा पीएच अगदी तोच, दोन्हींचा रंग तोच पिवळा. फरक एवढाच की एक द्रावण दाट केलेलं, दुसरं पाणी घालून पातळ. पोरांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "सांगा, कुठली जास्त टिकेल?" पोरं नळ्या उजेडाला धरायची, हलवायची, वास घ्यायची. कुणी म्हणायचं ही, कुणी म्हणायचं ती. सर मान हलवत राहायचे. "अंदाजपंचे चालणार नाही. बाहेरून नाही कळत. आत किती शिल्लक आहे, ते थेंब टाकल्याशिवाय कुणालाच कळत नाही. टाका. हळू."

आणि मग एक नळी अचानक लाल व्हायची. अचानक म्हणजे पोरांना अचानक. सर म्हणायचे, ती पहिल्या थेंबापासूनच संपत होती.

मी त्यांना "बफर सर" म्हणायचे, त्याचीही गोष्ट आहे. आमच्या त्या वेळच्या प्राचार्यांचं आणि माझं विळ्याभोपळ्याएवढं सख्य होतं. टाइमटेबलवरून एकदा मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको नको ते बोलले आणि निघून आले. आतार सर मध्यस्थ. ते केबिनमध्ये गेले, आले, परत गेले, परत आले. मला म्हणाले, "साहेब म्हणाले, बघतो." दोन दिवसांत माझे तास बदलून मिळाले. मी फुशारले. कित्येक वर्षांनी प्राचार्य निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या जेवणात त्यांनी मला हसत सांगितलं, "मॅडम, तुमचा तो माफीचा निरोप मी विसरलो नाही हां." मी म्हटलं, माफी? कसली माफी? आणि मागं वळून बघते तर आतार सर जिलेबीच्या पातेल्याकडं सटकलेले! त्यांनी माझ्या बोलण्यातून शिव्या गाळून तिकडं माफी पोचवली होती, आणि "त्या बाईला सांगा घरी बसा" याचं इकडं "बघतो" करून आणलं होतं.

मी त्यांना गाठलंच. "सर, तुम्ही माणूस नाही, बफर आहात बफर. कुणी काहीही ओतावं, तुमचा रंग काही बदलत नाही."

ते हसले नाहीत. जिलेबीची बशी हातात धरून म्हणाले, "बफर बदलत नाही, असं पोरांनाही वाटतं. बदलत असतं मॅडम. फक्त दिसत नाही."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस जेवणाच्या पंगतीतसुद्धा शिकवतोय.

त्यांच्यावर ओतणारे कमी नव्हते. सर आजूबाजूच्या बागायतदारांना फवारणीचं पाणी तपासून द्यायचे. बोअरचं पाणी क्षाराचं असलं की औषधाचा गुण येत नाही, म्हणून त्यात थोडं आम्ल घालून त्याचा पीएच उतरवावा लागतो. किती घालायचं, ते सर पाणी बघून सांगायचे. पोपटराव नावाचे एक द्राक्षवाले होते. सरांनी त्यांच्या बोअरच्या पाण्याचं माप काढून दिलं, छान चाललं. पुढच्या हंगामात पोपटरावांनी शेततळं केलं, पावसाचं पाणी साठवलं, आणि फवारणीला ते पाणी घेतलं. माप मात्र जुनंच! पावसाचं पाणी, त्यात चुना ना खार. जेवढं आम्ल टाकलं तेवढं सगळं उघडं राहिलं आणि कोवळी पानं होरपळली. पोपटराव तडक कॉलेजात आले. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सरांचा असा उद्धार केला की माझा वर्ग खिडकीला येऊन चिकटला.

"तुमी सांगितलेलंच माप टाकलं व्हतं! तेच! थेंबभर जास्त न्हाई! कसले मास्तर तुमी? पोरांचं तरी काय वाटोळं करीत असताल!"

मी दारातून बाहेर यायला निघाले, माझी जीभ तयारच होती. सरांनी मला हातानंच थांबवलं. पोपटरावांना म्हणाले, "चूक माझी. पाणी बदललं तर माप बदलतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं." आणि त्याच दुपारी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून बागेत गेले. पानं धुवायला लावली, संध्याकाळपर्यंत तिथंच थांबले. आले ते अंगभर चिखल घेऊन. मी म्हटलं, "अहो, त्यांना अक्कल नको होती का? पाणी बदलल्यावर विचारायला काय झालं होतं?" सर म्हणाले, "बोअरच्या आणि तळ्याच्या, दोन्हीला पाणीच म्हणतात मॅडम. त्यांनी तरी काय ओळखावं?" माझा संताप संताप झाला होता, आणि हे बूट धूत बसले होते.

मग एका वर्षी सर एप्रिलमध्ये स्वेटर घालून आले. चेहरा सुजलेला, रंग मातकट. प्रॅक्टिकल घेताना स्टुलावर बसायला लागले. मी खोदून खोदून विचारलं. "वय," म्हणाले. मी म्हटलं, वय मलाही झालंय, मी स्वेटर घालत नाही. तेव्हा कुठं बोलले. दोन्ही किडन्या जात चालल्या होत्या. "रक्तातलं आम्ल बाहेर टाकायचं काम त्यांचं," ते म्हणाले, जणू पोरांना सांगतायत असं. "त्या टाकेनात. म्हणून मग मी सोड्याच्या गोळ्या घेतो. रक्ताचं बफर बाहेरून भरायचं." मला भडभडून आलं. त्यांनी मला रुमाल दिला, आणि त्यांनाच म्हणावं लागलं, "अहो, रडू नका. पोरं बघतायत."

पुढं मंचरला डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड जायचे, मधल्या दिवशी शिकवायचे. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलली तर माणूस चांगला जगेल. भाभींना साखरेचा त्रास, त्यांची चालणार नव्हती. राहिली एकुलती एक मुलगी, रुबीना.

रुबीना घोडेगावकडच्या एका शाळेत शिक्षिका. तिशी ओलांडलेली, एक लहान मुलगा, अयान. बापासारखीच उंच आणि बापासारखीच शांत, पण एक दिवस ती माझ्या अवसरीच्या घरी आली ती ओट्यावरच बसली आणि रडायलाच लागली.

"काकू, मी द्यायला तयार आहे. हे तयार आहेत, सासूबाई तयार आहेत. सगळं घर तयार आहे, एक अब्बा सोडून. तपासणीलासुद्धा जाऊ देत नाहीत. म्हणतात, माझी शपथ आहे. काकू, ते तुमचं ऐकतात. तुम्ही बोला ना."

मी दुसऱ्याच दिवशी जुन्नर गाठलं. सर घरी पलंगावर बसून पेपर तपासत होते. मी चपला काढतानाच सुरुवात केली. काय समजता काय स्वतःला? पोरगी द्यायला निघालीय आणि तुम्ही नवाबासारखे नाही म्हणता? ते ऐकत राहिले. मी दमल्यावर त्यांनी भाभींना चहा टाकायला आत पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, माझी अम्मी याच्यानंच गेली. मोठा भाऊही. आम्ही लोकांना बीपी सांगितलं. हा आमच्या रक्तातला आजार आहे. किडनीत पाण्याच्या गाठी होतात. बापाला असला तर लेकराला निम्म्यानं शक्यता. वरून काही दिसत नाही, चाळिशीपर्यंत माणूस धडधाकट. रुबी किडनी द्यायला गेली की पहिल्यांदा तिचीच किडनी बघणार. आणि तिच्यात गाठी निघाल्या तर?"

भांडायला आलेली मी पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकले.

"आज ती हसते, खेळते, पोराला शाळेत सोडते. कळलं तर उद्यापासून ती अयानकडं बघून फक्त मोजत बसेल. किडनी गेली तरी चालेल, मॅडम. तिची ही वर्षं मी घेणार नाही."

"आणि नसल्या तर?" मी म्हटलं. "सर, अहो, निम्म्यानं नसण्याचीही शक्यता आहे की! आयुष्यभर पोरांना सांगितलंत, थेंब टाकल्याशिवाय कळत नाही म्हणून. मग आता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे असे भरलेले मी पाहिले नव्हते. "पोरांच्या हातात काचेची नळी होती," ते म्हणाले. "इथं माझी पोर आहे. माझा हात नाही हो होत."

भाभी चहा घेऊन आल्या आणि आम्ही पावसापाण्यावर बोललो. मी रुबीनाला कारण सांगितलं नाही. सरांना तसा शब्द दिला होता. पण सरांशी मात्र मी त्यानंतर दर भेटीला भांडले. "पुन्हा तेच?" ते म्हणायचे. मी म्हणायचे, "हो, तेच." त्यांनी ते भांडणही नेहमीसारखं पचवलं.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं, जंतुसंसर्ग झाला. पुण्याच्या हॉस्पिटलात हलवलं. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी रुबीनाला बाजूला घेऊन सांगितलं की आता ऑपरेशन पेलवण्याची ताकद यांच्यात राहिलेली नाही, पण घरातल्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्यावं, कारण हा आजार वारशानं येतो. तिला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाप इतकी वर्षं कशाला नाही म्हणत होता, तेही त्याच क्षणी कळलं. तिनं मला नंतर सांगितलं, ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग उठली आणि तपासणीला गेली. सोनोग्राफी झाली, मोठ्या मशिनमध्येही जाऊन आली, आणि आपली किडनी बापाला जुळली असती का, तेही तपासून घेतलं. बापाला काही बोलली नाही.

मी भेटायला गेले ती दुपारची वेळ होती. सर उशीला टेकून बसले होते, हाडं वर आलेली, हाताला डायलिसिसच्या जागी पट्टी. मला बघून म्हणाले, "या. आज आवाज खालून आला नाही तुमचा." मी बसते न बसते तोच रुबीना आत आली. डोळे सुजलेले. ती पलंगाच्या कडेला उभी राहिली.

"अब्बा, मी तपासून घेतलं."

सरांनी डोळे मिटले.

"रागावू नका," ती म्हणाली.

"बोल," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच.

"काही नाही, अब्बा. दोन्ही स्वच्छ आहेत. एकसुद्धा गाठ नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात नाही म्हणजे नाहीच."

सरांनी डोळे उघडले. "अयान?"

"मला नाही तर त्याला कुठून येईल?"

त्यांच्या तोंडातून आवाज फुटला. मला वाटलं ढास लागली. मी पाण्याचा ग्लास उचलला, आणि बघते तर ते हसत होते. खांदे हलवून, तोंड उघडून, लहान मुलासारखे हसत होते. मी त्या माणसाला असं हसताना कधी म्हणजे कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

रुबीना मात्र मटकन खाली बसली. पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून ती मोठमोठ्यानं रडायला लागली. तिचा आवाज ऐकून नर्स धावत आली आणि दारातच थबकली.

"हसताय काय, अब्बा!" रुबीनानं त्यांच्या चादरीवर मूठ आपटली. "जुळत होती! माझी तुम्हाला जुळत होती! तेव्हाच येऊ दिलं असतं तर तुम्ही जगला असता. कळतंय का तुम्हाला? जगला असता तुम्ही!"

"कळतंय गं," सर म्हणाले. पट्टी बांधलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि थोपटत राहिले. "कळतंय मला. तू रडून घे. मला हसू दे."